सोयरीक, सिकलसेल आणि 'निसर्गाची' निवड: एक प्रकरण

हे प्रकरण चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातल्या एका गोंड कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, शिक्षण, नोकरी यांचे तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवला आहे. मी या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबाबत समुपदेशनाचं काम करतो. एरवी आमची नोंद 'एएस' (एकच जनुक सदोष, म्हणजे वाहक) किंवा 'एसएस' (दोन्ही सदोष, म्हणजे रुग्ण) अशा दोन अक्षरांत संपते. ही लांबली, कारण वैद्यकीय प्रश्नाच्या आडून त्या घरात दुसराच वाद उभा राहिला. तपासण्या, औषधं, जनुकांत फेरफार हे सगळं करून माणूस स्वतःची उत्क्रांती कृत्रिम करून टाकतोय का, असा तो वाद होता. चहाच्या टपरीवर तो निरुपद्रवी असतो. इथे त्यावर एक लग्न अडलं होतं.

पार्श्वभूमी

मुलगा आयटीआय झालेला, वायरमनचं काम करणारा. मुलगी त्याच्या मामाची, एएनएमचा, म्हणजे परिचारिकेचा कोर्स केलेली. गोंडांत सोयरीक देव पाहून जुळते. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात आणि एकाच गटात लग्न होत नाही. मामाची मुलगी मात्र चालते, किंबहुना तिचा मान पहिला. साक्षगंध आटोपलं होतं, लग्न उन्हाळ्यात धरलं होतं.

मुलीची तपासणी कोर्स चालू असतानाच झाली होती आणि ती 'एएस' म्हणजे वाहक निघाली होती. तिने ते लपवलं नाही. पण वाहकाला काही त्रास नसतो, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. साक्षगंधानंतर तिने मुलाला तपासणीसाठी पाठवायचा हट्ट धरला. ग्रामीण रुग्णालयात त्याची सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, पुढे एचपीएलसी या खात्रीच्या चाचणीत तोही 'एएस' ठरला.

या घराला सिकलसेल हे नाव नवीन होतं, आजार नवीन नव्हता. मुलाची आई आणि मुलीचे वडील सख्खी भावंडं; त्यांचा आणखी एक भाऊ लहानपणीच गेला. त्याचे हातपाय सुजायचे, सांधे धरायचे, डोळे पिवळे व्हायचे. आजी म्हणाली, "माह्या पोराले तर कोणी तपासलंच नाही जी. वारं लागलं म्हणत होते." लक्षणं ऐकली तर तो मुलगा एसएस असणार, आणि मग आजी-आजोबा दोघंही वाहक असणार. म्हणजे या दोन रिपोर्टांत चमत्कारिक काही नव्हतं. एकाच जोडप्याकडून आलेलं जनुक दोन वाटांनी फिरून पुन्हा समोरासमोर आलं होतं.

अडचण

दोघंही वाहक असले की प्रत्येक गर्भधारणेत चारात एक शक्यता एसएस बाळाची, दोन शक्यता वाहक बाळाची आणि एक पूर्णपणे सुटलेल्या बाळाची. हे सांगितलं की हमखास एक गैरसमज होतो: "म्हणजे चौघांतलं एक जाईल, तीन चांगली होतील." तसं नाही. फासा दर वेळी नव्याने पडतो. सलग दोन एसएस मुलं असलेली घरं या पट्ट्यात आहेत.

एसएस म्हणजे काय ते मुलीला शिकवावं लागलं नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, एवढाच फरक. पण प्राणवायू कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लाल पेशीला विळ्याचा आकार देतं, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि माणूस वेदनेने तळमळतो. मुलीने वॉर्डात असे रुग्ण पाहिले होते. मुलाने पाहिले नव्हते. पुढच्या चर्चेत हा फरक शेवटपर्यंत जाणवत राहिला.

दोन मतं, पाया एकच

लग्न अडलं ते मुलाच्या काकांमुळे. काका निवृत्त प्राथमिक शिक्षक, वाचणारे, गावात शब्दाला वजन असलेले. त्यांचा तपासणीला विरोध नव्हता, तपासणीनंतर निवड करायला होता. "निसर्गानं लाखो वर्षं निवड करून माणूस घडवला. आता तुम्ही पोटातलं पोर तपासून हे ठेवा, ते नको म्हणाल, तर ती उत्क्रांती राहिली का? ती तर बियाण्याची कंपनी झाली."

नेमक्या उलट टोकाला तालुक्यातला एक तरुण डॉक्टर होता, मुलाचा मित्र. त्याचं म्हणणं: निसर्ग असली जनुकं आपोआप गाळत होता, आपण औषधं देऊन रुग्ण जगवतो, त्यांना मुलं होतात, म्हणजे आपणच नैसर्गिक निवड बंद पाडली आहे. तेव्हा लग्न मोडावं, हाच शहाणपणा.

दोघं एकमेकांशी तावातावाने भांडले. मला मात्र दोघं एकाच पाटावर बसलेले दिसत होते. दोघांनीही धरून चाललं होतं की कधीतरी माणसाचा हात न लागलेला असा एक निसर्ग होता, आणि हे जनुक त्या निसर्गाने घडवलं, किंवा गाळलं. सिकलसेलच्या बाबतीत तरी हे टिकत नाही.

१९४९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी अंदाज मांडला की थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार मलेरियाच्या प्रदेशांत टिकून राहतात, कारण वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळत असावं. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन या संशोधकाने पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत ते दाखवून दिलं. वाहकाला गंभीर फाल्सिपेरम मलेरियापासून (मलेरियाचा सर्वात घातक प्रकार) मिळणारं संरक्षण आज सुमारे ९० टक्के मानलं जातं. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ ची: निलगिरीतल्या आदिवासींत, आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत.

पण काकांना खरी थांबवणारी गोष्ट पुढची होती. १९५८ मध्ये फ्रँक लिव्हिंगस्टोन या मानवशास्त्रज्ञाने पश्चिम आफ्रिकेचा नकाशा मांडून दाखवलं की सिकलचं जनुक शेतीच्या मागोमाग वाढलं. जंगल तोडून, जाळून शेती सुरू झाली, जमिनीवर ऊन पडलं, उन्हातली उथळ डबकी तयार झाली. तिथला मुख्य डास नेमका अशाच डबक्यांत वाढतो. माणसं एका जागी दाटीने राहू लागली, डासाला रक्ताची ददात उरली नाही. मलेरिया बळावला आणि मलेरियाने वाहकांना निवडलं. म्हणजे ज्याला आपण निसर्गाची निवड म्हणतो, तिचं मैदान कुऱ्हाडीने आणि नांगराने आखलेलं होतं.

आपल्याकडची कहाणी हुबेहूब तीच आहे असं मी म्हणत नाही. भारतातलं सिकलचं जनुक वेगळ्या जनुकीय पार्श्वभूमीवर बसलेलं आहे, त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात, आणि आपले डासही वेगळे. पण धानाच्या बांध्या, कालवे, साठलेलं पाणी यांत वाढणारा डास इथेही आहेच. बोडी आणि तलावांच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हे निराळं समजवावं लागत नाही.

मग माणसाने दुसरी चाल केली. १९५३ मध्ये देशात डीडीटी फवारणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. फवारणीच्या त्या वर्षांत वाहक असण्याचा फायदा बहुतेक ठिकाणी आटला, एसएस असण्याचा तोटा तसाच राहिला. १९७६ मध्ये मलेरिया ६४ लाख रुग्णांवर उसळला आणि फायद्याचं पारडं पुन्हा हललं. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया अजूनही आहे, तेव्हा तिथे ते आजही पुरतं रिकामं नाही. एकाच जिल्ह्यात, एकाच जनुकावर, फवारणीची गाडी पोचली की नाही यावर निवडीची दिशा ठरते. याला नैसर्गिक म्हणा की कृत्रिम, जनुकाला काही फरक पडत नाही.

डार्विनने १८५९ मध्ये कबुतरं पाळणाऱ्यांपासून सुरुवात केली तेव्हा त्यानेही दोनच खाने केले नव्हते. हेतू धरून केलेली निवड आणि निसर्गातली निवड यांच्या मध्ये त्याने तिसरी ठेवली होती: माणूस करतो, पण वाण बदलायचा त्याचा इरादा नसतो. शेती, डीडीटी, अगदी देव पाहून जुळवलेली सोयरीकही या तिसऱ्या खान्यात बसते असं मला वाटतं. हे ऐकून काका बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "पण पोटातलं तपासणं तर इराद्यानंच आहे ना?" बरोबर होतं त्यांचं. पण आता प्रश्न निसर्गाचा उरला नव्हता. इरादा कोणाचा आणि त्याची किंमत कोण मोजणार, इथे तो आला होता.

डॉक्टरांचा हिशेब

डॉक्टर मित्राला उत्तर आकड्यांनी द्यावं लागलं. समजा एखाद्या समाजात शंभरात सुमारे १८ जण वाहक आहेत. म्हणजे जनुकाचं प्रमाण दहा टक्के. मलेरियाचा फायदा शून्य, औषधोपचार शून्य, एकाही एसएस व्यक्तीला मूल होत नाही, असं सगळं क्रूर गृहीत धरलं, तरी जनुकाचं प्रमाण दहावरून पाच टक्क्यांवर यायला दहा पिढ्या लागतात. अडीचशे वर्षं. कारण बहुतेक जनुकं निरोगी वाहकांत लपलेली असतात, तिथे निवडीचा हात पोचतच नाही. 'औषधामुळे वंश बिघडतो' ही भीती या गणितात फारशी उरत नाही.

गंमत पुढे आहे. वाहकाने वाहकाशी लग्न करू नये, हा सल्ला सगळ्यांनी तंतोतंत पाळला तर एसएस बाळं जन्मणार नाहीत. पण मग जनुक गळणारही नाही, कारण ते गळत होतं ते एसएस मुलांच्या मृत्यूतूनच. गर्भतपासणी करून एसएस गर्भ थांबवला आणि त्याच्या जागी दुसरं मूल होऊ दिलं, तर त्या मुलाची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. म्हणजे डॉक्टर जो उपाय 'जनुक घालवायला' सुचवत होता तो जनुकाला हात लावत नव्हता. तो दुःख कमी करत होता, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी उत्क्रांतीची साक्ष काढायची गरज नाही.

पर्याय

लग्न मोडणं. हा सर्वात सोपा वाटणारा पर्याय. पण साक्षगंध मोडलं की बोट मुलीकडे जातं, आणि या पट्ट्यात पुढचा मुलगा वाहक नसेल याची हमी नाही. शिवाय ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावाचा अनुभव आमच्या कामात नेहमी आठवावा लागतो. तिथे जवळपास दर चौथा माणूस वाहक होता. सगळ्यांची तपासणी करून लग्नाचा सल्ला दिला गेला. काही वर्षांनी पाहिलं तर वाहक-वाहक लग्नं योगायोगाने झाली असती तेवढीच झाली होती. वाढली होती ती वाहकांची बदनामी आणि रिपोर्ट लपवणं.

लग्न करून मूल न होऊ देणं किंवा दत्तक घेणं. मुलाला चाललं असतं, मुलीला नाही. मी यावर जोर दिला नाही.

लग्न करून नशिबावर सोडणं. काकांचा कल सुरुवातीला इकडे.

लग्न आणि गर्भतपासणी. १० ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना, किंवा १६ आठवड्यांच्या आसपास गर्भजल. प्रक्रियेमुळे गर्भपात होण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी करू देतो. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण गावात 'पोटातली तपासणी' म्हणजे गुन्हा असाच समज आहे.

आयव्हीएफ करून गर्भ रोपणाआधी तपासणं. २०२१ च्या कायद्याने ज्ञात आनुवंशिक आजारांसाठी याला परवानगी आहे. पण खर्च लाखांत, फेऱ्या नागपूर-मुंबईच्या. वायरमनच्या घराला हा पर्याय कागदावरचाच.

जनुकोपचाराची वाट पाहणं. हा मुलाने मोबाइलवर वाचलेला. क्रिस्पर या जनुकात नेमका फेरफार करण्याच्या तंत्रावर आधारित उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संशोधन संस्थेत स्वदेशी उपचारावर काम चालू आहे. पण त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती: या उपचारात फक्त अस्थिमज्जेतल्या, रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी बदलतात. बीजांडं आणि शुक्राणू तसेच राहतात. बरा झालेला रुग्ण जनुक पुढे देतोच. पिढ्यांचं जनुक बदलणं ही वेगळी गोष्ट. २०१८ मध्ये चीनमध्ये एका संशोधकाने गर्भावर तसं करून मुली जन्माला आणल्या आणि २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची कैद झाली. काका ज्याला घाबरत होते ते हे. त्यांच्या पुतण्यासमोर हा पर्याय नव्हताच.

निर्णय

अंगणातल्या बैठकीत निर्णय होईना. सगळे बोलत, मुलगी पाणी देत फिरे. शेवटी दोघांना आरोग्य केंद्रात एकटं बोलावलं. तिथे मुलीने एका वाक्यात विषय संपवला: "लग्न करायचं, तपासायचं, आणि रिपोर्ट आल्यावर काय करायचं ते तेव्हा आम्ही ठरवायचं. आत्ता कोणाला वचन द्यायचं नाही."

माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा क्षण. घरच्यांना आधीच 'हो' किंवा 'नाही' हवं होतं, आमच्या यंत्रणेलाही रकान्यात तेच भरायचं असतं. तपासणीला होकार म्हणजे गर्भपाताला होकार नाही, हे तिने आमच्याआधी ओळखलं. लग्न ठरल्या तारखेला झालं. काका आले, अक्षता टाकल्या.

पुढे काय झालं

पहिल्या गर्भारपणात ती वेळेत आली, अकराव्या आठवड्यात तपासणी झाली, बाळ वाहक निघालं. मुलगी झाली, ठणठणीत.

दुसऱ्या वेळी तिची बदली दूरच्या उपकेंद्रावर झाली होती, नोंदणी उशिरा झाली, गर्भजल घेईपर्यंत सतरावा आठवडा. रिपोर्ट एसएस. गर्भपाताच्या कायद्याच्या मुदतीत ती होती. नवऱ्याचा कल गर्भपाताकडे होता, आजीने काहीच सांगायला नकार दिला. तिने गर्भ ठेवला. कारण विचारायचा मला अधिकार नव्हता. तिने आपणहून जे सांगितलं त्यात तत्त्वज्ञान कमी आणि नोकरीचा अनुभव जास्त होता. जन्मापासून माहीत असलेलं एसएस बाळ आणि दोन वर्षांनी न्यूमोनियात कळलेलं एसएस बाळ यांचं भवितव्य एक नसतं, हे तिने पाहिलं होतं.

या दुसऱ्या बाळाला, मुलाला, पेनिसिलिन सुरू झालं, न्यूमोकोकलसकट सगळ्या लसी झाल्या, प्लीहा कशी चाचपायची ते घरच्यांना शिकवलं, दुसऱ्या वर्षी हायड्रॉक्सीयुरिया सुरू केलं. हे औषध गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि ते लाल पेशी वाकू देत नाही. वेदनेच्या झटक्याने त्याला एकदा भरती करावं लागलं. हे यश म्हणून मी मांडत नाही. गोळ्यांचा पुरवठा मधे तुटला तर काय, ही चिंता त्या घरात रोजची आहे.

काका अजून म्हणतात, निसर्गात ढवळाढवळ वाईट. मात्र पुतण्याच्या पोराच्या गोळ्या तालुक्याहून तेच आणतात. डॉक्टर मित्राचं मत बदललेलं नाही. बदलावं असा माझा आग्रहही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, वेळ. तपासणी साक्षगंधानंतर होणं म्हणजे उशीर. ती दहावी-बारावीत व्हायला हवी, सोयरिकीचं बोलणं सुरू व्हायच्या आधी. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली होती. पण तपासणीच्या निकालाचं कार्ड हातात पडणं आणि त्याचा अर्थ कोणीतरी बसून सांगणं यांत अंतर आहे. या घरात मुलीचा रिपोर्ट कपाटात पडून होता.

दुसरं, दुसऱ्या गर्भारपणातला उशीर टाळता आला असता. दोघं वाहक असल्याची नोंद तालुक्याच्या वहीत होती, पण बदलीबरोबर ती पुढे गेली नाही. अकराव्या आठवड्यात आणि सतराव्या आठवड्यात निर्णय घेणं शरीराला आणि मनाला सारखं नसतं.

तिसरं, अंगणातली बैठक. चर्चा आधी दोघांशी आणि मग घराशी, हा क्रम उलटा झाला. काकांचा प्रश्न मोलाचा होता, पण तो मुलीच्या डोक्यावरून चालला होता.

चौथं अजून मिटलेलं नाही. या प्रकरणानंतर गावातल्या जाणत्यांनी सुचवलं की देव पाहतो तसं आता कार्डही पाहावं, आणि एएस-एएस सोयरिकीला समाजानेच मनाई करावी. मनाईला आम्ही विरोध केला, तपासणीला पाठिंबा दिला. आता कार्डं पाहिली जातात, पण मुलीचं कार्ड आधी मागतात, मुलाचं नंतर, किंवा मागतच नाहीत. वाहक मुलीची सोयरीक मोडते, वाहक मुलाची मोडत नाही. म्हणून सध्या आमच्याकडे कोणी सोयरिकीसाठी रिपोर्टची चौकशी करायला आलं, तर मुलाची तपासणी आधी होते. मुलीचा रिपोर्ट आम्ही तिच्याशिवाय कोणाच्या हातात देत नाही.